दानाच्या दुकानातला गडू

अमेरिकेत लोक नकोसं झालेलं सामान एका दुकानात फुकट नेऊन टाकतात आणि दुसरे लोक तेच विकत घ्यायला रांग लावतात. येणारा पैसा गरिबांना जातो म्हणे. जात असेल. मला त्या दुकानाचा नुसता वास आला तरी पुढचं जेवण जात नाही. साबणाखाली दाबलेला घाम, त्यावर कसलंसं अत्तर आणि सगळ्यांच्या तळाशी बंद कपाटाचा कुबट वास.

मुलाने तिकडे फ्रिस्को नावाच्या गावात नवं घर घेतलं, त्याच्या वास्तुशांतीला मी आलो होतो. सूनबाई नागपूरची, शिकलेली, चांगल्या नोकरीत. पण तिला त्या दुकानाचं वेडच होतं. तिच्या मैत्रिणींनाही. कुणाला काय घबाड सापडलं त्याचे फोटो दिवसभर एकमेकींना पाठवायच्या.

मी येऊन आठवडा झाला नाही तोच मलाही घेऊन गेली. आत शिरताच चपला-बुटांची मांडणी. एका बुटात डोकावलो तर तळाला कुणाच्या तरी पाचही बोटांचे ठसे, अंगठ्याचा खड्डा वेगळा. शेजारी एक बाई तसलाच बूट पायात घालून ऐटीत चालून बघत होती. मी तोंड फिरवलं. फिरवलं तिकडे कप होते.

"बाबा, बघा ना, किती क्यूट! यावर लिहिलंय, जगातले सगळ्यात छान आजोबा."

"मग ते आजोबा कुठे गेले?"

"एक्स्पायर झाले असतील."

"आणि त्यांच्या उष्ट्या कपातून तू मला चहा देणार?"

"अहो, डिशवॉशरमध्ये टाकते ना मी!"

एका चौकटीत लग्नाचा फोटो होता. नवरा-नवरीसकट विकायला ठेवलेला. एका सोफ्याची एकच बाजू खोल बसलेली. तिथे वर्षानुवर्षं कोण रेललं असेल ते त्या सोफ्याकडे बघून कळत होतं, आणि त्यावर आता एक पोरगं उड्या मारत होतं.

सूनबाईला वाटायचं, म्हातारा उगाच नखरे करतो. तिला कसं कळणार? मी चौथीत होतो तेव्हा माझ्या अंगावर गावातल्या सावकाराच्या मुलाचा उतरलेला सदरा असायचा. आईला तिथे धुण्याभांड्याचं काम होतं, त्या घरचे जुने कपडे तिला मिळायचे. एके दिवशी त्या मुलाने भर वर्गात माझी कॉलर धरली आणि म्हणाला, "हा माझा आहे, ही शाई मीच सांडलेली." सगळा वर्ग हसला, मास्तरही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही. आईने मारलं तरी गेलो नाही. पिठाच्या गिरणीवर कामाला लागलो, पुढे स्वतःची गिरणी टाकली. जाडंभरडं घातलं, पण कोरं घातलं. माझ्या घरातले जुने कपडे बोहारणीच्या टोपलीत जायचे आणि पुढे त्यांचं काय झालं ते आम्ही विचारत नसू. आणि आता माझा मुलगा, एवढ्या पगाराचा, मेलेल्यांच्या घरातून उचललेल्या दिव्याखाली जेवतो.

मी एकच अट घातली होती. वास्तुशांतीला देवापुढे जे जे मांडाल ते कोरं पाहिजे. सूनबाईने कबूल केलं, "प्रॉमिस, बाबा." मी एवढ्या लांब आलो तो त्याच एका दिवसासाठी. घरात मोठा मी. कलश माझ्या हातून बसायचा होता.

ती पडदे बघत होती तेव्हा मी नाकाला रुमाल लावून एका फळीपाशी उभा होतो. मेणबत्त्या आणि वेताच्या टोपल्या यांच्या मध्ये एक पितळी भांडं दिसलं. पोट गोल, मान निमुळती, अंगावर कोरलेली वेलबुट्टी. उचललं तर चांगलं वजनदार. आपल्याकडचं काम, त्यात शंकाच नव्हती. झाकण आट्याचं, घट्ट फिरवून बसवलेलं. मी लगेच ओळखलं. गंगेचा गडू! काशीहून आणतात, तोंड बंद करून देव्हाऱ्यात ठेवतात. आमच्याकडचा मुठीएवढा होता, हा चांगला कलशाएवढा. श्रीमंताघरचा असेल.

माझं डोकंच फिरलं. कुणा म्हातारीने जपून आणलेला गडू तिच्या पोरांनी या उकिरड्यावर टाकला! मी तो छातीशी धरून सूनबाईकडे गेलो.

"हा घ्यायचा."

"तुम्ही? इथून?" तिचा विश्वासच बसेना.

"ही वस्तू आपली आहे. इथे राहता कामा नये. परवा कलश म्हणून हाच बसवू."

"अन् तुमची अट? सगळं कोरं पाहिजे ना?"

"कापडाची गोष्ट वेगळी. धातू चिंचेने घासला की शुद्ध होतो."

"अच्छा! म्हणजे शेवटी बाबांनाही डील सापडली!" ती हसत सुटली. गाडीत बसताच तिने मैत्रिणींना फोटो पाठवला.

घरी आल्यावर चिंच-मीठ घेऊन मी स्वतः नव्या स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी उभा राहिलो. सूनबाईला हात लावू दिला नाही. झाकण उघडलं. पाणी नव्हतं, पण तळाशी आणि आट्यांमध्ये करडी, खरखरीत भुकटी चिकटलेली. मला वाटलं, पाणी आटून गेलं आणि गंगेची रेती तेवढी राहिली. मी चिमूटभर बोटावर घेतली, कपाळाला लावली आणि तीर्थ घेतात तशी जिभेलाही लावली. हे घरात कुणालाच ठाऊक नाही, आज पहिल्यांदा लिहितो आहे. मग उरलेलं सगळं नळाखाली धरून खळखळून धुतलं.

गडू सोन्यासारखा चमकत होता. तेवढ्यात शेजारची अमेरिकन म्हातारी नव्या घराची भेट म्हणून केक घेऊन आली. गडू बघितला आणि तिचा हात छातीवर गेला. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती हळू आवाजात काहीतरी बोलली. मी आपला हसून मान हलवली. सूनबाईने तिला काही विचारलं. म्हातारी भिंतीपलीकडे, स्वतःच्या घराकडे बोट दाखवून सांगत राहिली आणि सूनबाईचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणते ती?"

"काही नाही, बाबा."

"काय म्हणते?"

"त्या विचारतायत, आपल्याकडे कोण गेलं. त्यांचे मिस्टर अस्सेच... अशाच भांड्यात आहेत. फायरप्लेसच्या वर. हे राख ठेवायचं असतं, बाबा. माणसाची."

मी तसाच धावत बाथरूमला गेलो आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकलो. तोंड धुतलं, दात घासले, जीभ खरवडली. खरवडून काय होणार? आपल्याकडे अस्थींचं गाठोडं घरात घेत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात आणि पहिल्या संधीला पाण्यात सोडतात. इथे नवऱ्याला चुलीवरच्या फळीवर बसवतात. आणि कंटाळा आला की भांडं झटकून दुकानात देतात, तेही नीट न झटकता! किळस तरी कशाची करायची? त्या दुकानाची, की ज्याने दिलं त्याची, की पारखून ते घरात आणणाऱ्या माझी?

संध्याकाळी मुलगा आला. सगळं ऐकून आधी त्याला हसू आलं. मग माझं तोंड बघून त्याने हसू आवरलं.

"बाबा, असे नवेही मिळतात. कुणी वापरलाच नसेल. साधी धूळ असेल ती."

"चाळीस वर्षं गिरणी चालवली मी. धूळ कुठली आणि दळलेलं काय, ते मला सांगू नकोस."

"ओके. मग आता काय करायचं?"

"वास्तुशांत पुढे ढकल."

"कशी ढकलू? गुरुजी बुक आहेत, हॉटेलला ऑर्डर दिलीय, लोक सुट्टी काढून येतायत. प्लीज, ड्रामा नको, बाबा."

त्याने गुरुजींना फोन लावला. गुरुजी एरवी सॉफ्टवेअरवाले, शनिवार-रविवारी पूजा सांगणारे. ते म्हणाले, काकांनी स्नान करावं, घरात गोमूत्र शिंपडावं, काहीही दोष लागत नाही. सूनबाईने सिंक ब्लीचने घासलं. घासताना रडत होती. तिला मी एका शब्दानेही बोललो नाही. गडू मी निवडला होता.

पण गुरुजींच्या जिभेवर ती भुकटी गेली नव्हती. माझ्या गेली होती. कुणीतरी माणूस, कोण कुठला, बाई की बाप्या, माझ्या हातून माझ्याच मुलाच्या मोरीत गेला. त्याच हातांनी मी देवापुढे कलश कसा ठेवणार? मी मुलाला सांगितलं, पूजा तुम्ही करा, मी शिवणार नाही.

पूजेच्या दिवशी मी गॅरेजमध्ये खोक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो. मोठं दार उघडं ठेवलं होतं. आतून घंटा ऐकू येत होती, शिऱ्याचा वास येत होता. कलश मुलाने बसवला. ते मला बघायला मिळालं नाही.

मध्येच सोवळ्यातच मुलगा बाहेर आला.

"लोक विचारतायत, बाबा कुठे आहेत म्हणून."

"सांग, सुतक आहे."

"कुणाचं सांगू?"

"ते मला काय ठाऊक! दुकानात जाऊन विचार."

तो आत गेला आणि म्हाताऱ्याची कंबर धरली आहे असं सांगून मोकळा झाला. ते मला भिंतीतून ऐकू आलं.

दुपारी शेजारची म्हातारी रस्त्यावरून सरळ गॅरेजमध्येच आली. चांगले कपडे घालून, ओठ रंगवून. गडू कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत पडला होता, मी त्याला हात लावणार नव्हतो. तिने पिशवीकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग आपल्या घराकडे. आणि शेवटी दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली. जोडी. एक नवऱ्याचा, एक तिचा. हे सांगताना बाई खुशीत होती.

मी मानेनेच सांगितलं, घेऊन जा. तिने पिशवी काढून टाकली, गडू वर धरून फिरवून फिरवून बघितला, पदराने पुसावा तसा बाहीने पुसला आणि झाकण उघडून आत डोकावली. नको नको म्हणेपर्यंत तिने मला मिठी मारली. तो गडू तेव्हाही तिच्या हातात होता आणि माझ्या पाठीला टेकला.

ती गेली. मी उठून अंगणातल्या नळाखाली सदऱ्यासकट बसलो. सूनबाई प्रसादाची वाटी घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

"बाबा, आता काय झालं?"

"वाटी तिथेच ठेव," मी म्हटलं, "आणि साबण आण. कोरी वडी आण."