चिंच-मिठाने उजळलेलं नाणं

नको तिथे नाक खुपसायची मला जुनी खोड आहे. मार्कहॅममधल्या आमच्या शेजारच्या आजोबांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक वेडंवाकडं नाणं असायचं. ते मूळचे जमैकाचे, इथे बस चालवून निवृत्त झालेले. एकदा दारापुढचं बर्फ उपसताना मी विचारलंच. आजीचं, ते म्हणाले; तिला तिच्या आजीने दिलं. पोतोसीच्या टांकसाळीतलं आहे, एवढंच एका जाणकाराने सांगितलं होतं.

मग काय, मी लायब्ररीत ठाण मांडलं. दक्षिण अमेरिकेतल्या उंच डोंगरावरच्या त्या टांकसाळीत स्पेनच्या राजासाठी चांदीची नाणी पाडत आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम तिथे राबत. आत भट्टीची आग, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. चांदी ठोकून पातळ करायची, तुकडे कातरून वजनात बसवायचे, ठशावर ठेवून हातोडा हाणायचा. शेवटी नाणी आंबट-खारट पाण्यात उकळून पांढरी करायची. राहायचंही तिथेच, भिंतींच्या आत. पण जेवायला काय मिळे? बोट चिरडलं तर कोण बघे? एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलत? पुस्तकांत राजांची नावं होती, हे नव्हतं. माझे वडील नागपूरला फाउंड्रीत होते. भट्टीपुढचं काम मी त्यांच्या हातांवर पाहिलंय, म्हणून मला चैन पडेना.

नाण्यावर काहीतरी सापडेल असं वाटून मी आजोबांकडे ते दोन दिवस मागितलं, मोठे फोटो काढायला. "आजीने हे कधी धुऊ दिलं नाही," दोरा सोडताना ते म्हणाले.

हे मी आईला सांगायला हवं होतं. ती नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि दुसऱ्या दिवशी माघ पौर्णिमा होती. पौर्णिमेला वंदनेआधी घरातलं सगळं धातूचं घासून काढायचं हा तिचा नेम. मी ऑफिसातून आले तर पितळी बुद्धमूर्तीशेजारी ते नाणं चकाकत होतं.

"चिंच-मिठानं घासलं. पाह्य कसं लखलखते!"

मी रागाने बोलले, मग रडले. मग तिला सगळंच सांगितलं. आजीचं, टांकसाळीचं, आंबट-खारट पाण्याचंही. आईने साडीवर माझं विंटर जॅकेट चढवलं. "चाल. मी बी येतो."

आजोबांनी दारातच नाणं हातात घेतलं आणि बराच वेळ अंगठ्याने चोळत राहिले.

"आजीच्या हातांचा मळ होता हा. तीच गेली यातून," ते म्हणाले.

त्यांनी नाणं उजेडाकडे कलतं केलं. काळेपणाखाली आजवर दबलेलं काहीतरी दिसत होतं: क्रूसाची एक रेघ आणि तिला चिकटून, किंचित सरकलेली, तीच रेघ पुन्हा. हातोड्याचा घाव दोनदा बसला होता.

"चुकला की काय हे पाडणारा?" ते स्वतःशीच म्हणाले. "की दमला होता?"

"काय म्हणतेत?" आईने विचारलं. मी सांगितलं. तिने पुढे वाकून त्या दोन रेघांवर बोट फिरवलं.

"हे ठोकणाऱ्या पोराची माय कुठं राह्यली असन वं? विचार त्याइले."

मी इंग्रजीत विचारलं. इतकी पुस्तकं चाळली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता, याची लाज वाटली.

आजोबांनी नाणं मुठीत धरलं. मग आईला आत यायला वाट देत ते दारातून बाजूला सरकले आणि तिचं जॅकेट काढून घ्यायला त्यांनी दुसरा हात पुढे केला.