यादीत नसलेली विहीर

लिहायला बसण्याआधी मी नीट आठवून पाहिलं, की हे आपण चुकून तरी कुठे बोललो आहोत का. नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. आता बावन्न वर्षांची आहे, आणि खरं सांगायचं तर भीती केव्हाच गेली. उरला आहे तो फक्त थकवा. एखादी जड पिशवी हातात धरून आपण इतकी वर्षं उभे आहोत, आणि ती खाली ठेवायची कुठे हेच कळत नाही, तसा.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून थोडं सांगते. मी याद्या करणारी बाई आहे. गणपतीच्या तयारीची यादी माझ्याकडे जुलैतच तयार असते. माळ्यावर कोणत्या डब्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेलं असतं. नातेवाईक हसतात, आणि लग्न निघालं की पहिला फोन मलाच करतात. मला याचा अभिमान होता — होता म्हणावं की आहे? आहे. अजूनही आहे. तोच तर सगळा घोटाळा आहे.

त्या वेळी मी रत्नागिरीत एका सर्व्हे एजन्सीच्या ऑफिसात कामाला होते. एका तेल कंपनीने इकडचा मोठा पट्टा शोधासाठी घेतला होता, आणि तिचं जमिनीवरचं काम ही एजन्सी करत होती. काम असं: नकाशावर एक सरळ रेघ आखायची, त्या रेघेवर ठरावीक अंतराने जमिनीत बोअर मारायचे, त्यात थोडी सुरुंगाची दारू भरून उडवायची, आणि खालून परत येणाऱ्या लाटा मोजायच्या. त्यावरून कातळाखाली खोलवर तेल किंवा वायू धरून ठेवणारे थर आहेत का, याचा अंदाज येतो. रेघ आखणारे वेगळे, बोअर मारणारे वेगळे. मधलं सगळं माझ्याकडे. रेघ कोणत्या गटातून जाते, सातबाऱ्यावर नावं कोणाची, तात्पुरत्या भाडेपट्ट्याच्या कागदावर सह्या कोणाच्या झाल्या, कोणाच्या राहिल्या. आणि सगळ्यात महत्त्वाची अडथळ्यांची यादी — घर, देऊळ, विहीर. या गोष्टी नकाशावर दिसल्या की सुरुंग तिथून ठरलेल्या अंतराबाहेर सरकवायचा. यादीत नसेल ते कोणी बघत नसे. बघणार कसं? बोअरवाल्यांच्या हातात माझीच यादी.

ती यादी मी ऑफिसात बसून केली. सातबाऱ्यावरच्या विहिरींच्या नोंदी घेतल्या, उपग्रहाच्या फोटोवर दिसल्या त्या घेतल्या. एकूण एक्केचाळीस अडथळे निघाले. प्रत्येकाला नंबर, तोच नंबर नकाशावर, तोच परवानगीच्या कागदात. यादी गेली, मंजूर झाली. आमचे साहेब पुण्याचे, कौतुकाला फार कंजूष. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा, मॅडमच्या यादीला कधी शुद्धिपत्रक लागत नाही.”

ते वाक्य मी घरी घेऊन गेले. दोन दिवस जपून वापरलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी राहिलेल्या सह्या घ्यायला हातखंब्याच्या पुढे, हायवे सोडून आत असलेल्या एका वाडीत गेले. गट नंबर दोनशे बारा. घरात शेवंती एकटी होती. वयाने माझ्याएवढीच. नवरा मुंबईला कंपनीत, मुलगा त्याच्यापाशी. ही इथे घर धरून होती, आणि घरामागच्या परसात लाल माठ, मुळा, मिरची करून हातखंब्याच्या तिठ्यावर विकायला बसायची. उन्हातून चढून गेले होते. तिने ओट्यावर चटई टाकली आणि पाणी आणून दिलं.

कोकणात परसातल्या कितीतरी विहिरी सातबाऱ्यावर चढलेल्याच नसतात. कोणा आजोबांनी खणली, पाणी लागलं, विषय संपला. तलाठ्याकडे जाऊन सांगायचं कोण? शेवंतीची अशीच होती. फणसाच्या दाट झाडाखाली, त्यामुळे वरून फोटोतही न दिसलेली. जांभ्या दगडात बांधलेली, फार रुंद नव्हे. मी पहिला तांब्या संपवला आणि दुसरा मागितला. ती तिथेच गेली, दोर सोडला, ताजं पाणी काढून आणलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाणी इतकं गार होतं की दातांना लागलं.

सही करण्याआधी तिने एकच विचारलं. इकडे विहिरीला बाव म्हणतात. “म्याडम, माज्या बावीला काय होनार नाय ना?”

मी म्हटलं, “छे हो. विहिरीपासून लांबूनच नेतात. तसा नियमच आहे.”

आणि तिने सही केली. हळूहळू, नीट, पूर्ण नाव.

त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हते. हे सांगून स्वतःची बाजू घ्यायची नाही. क्रम तसा होता, म्हणून सांगते. ऑफिसात येऊन मी नकाशा उघडला आणि अंतर मोजलं. तिच्या परसाच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागूनच एक बोअर येत होता. विहिरीपासून जे अंतर हवं, त्याच्या निम्मंही नव्हतं. मोजायला चुकले असेन म्हणून पुन्हा मोजलं. चुकले नव्हते.

मग काय करायला हवं होतं? एक ओळ घालायची. बेचाळीस नंबर: विहीर, गट दोनशे बारा. पण यादी मंजूर होऊन गेलेली. एक ओळ घालायची म्हणजे साहेबांकडे जायचं, शुद्धिपत्रक काढायचं, नकाशा बदलायचा, परवानगीचा कागद परत फिरवायचा. एका आठवड्याचं काम. अवघड काहीच नव्हतं. मला कोणी रागावलंही नसतं, फार तर साहेब भुवया उंचावून म्हणाले असते, “अरेच्चा, तुमच्याही यादीला?”

एवढंच. त्या भुवयांसाठी. तुम्हाला वाटेल, काहीतरी मोठं दडपण असेल, नोकरी जायची भीती असेल. नव्हतं हो काही. माझी यादी सुंदर दिसत होती आणि मला ती तशीच ठेवायची होती.

मी स्वतःला सांगितलं, की दारू थोडीच असते. एवढ्याने काय होतंय? आणि तीन आठवडे रोज ऑफिसात जाऊन दुसऱ्या याद्या केल्या.

बोअर उडवला त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिच्या विहिरीचं पाणी उतरायला लागलं. मेच्या शेवटापर्यंत पुरणारं पाणी शिमग्याआधीच तळाला गेलं. झरा फिरला, असं वाडीतले म्हणाले. तळाशी चिखल राहिला, मग तोही सुकला. मुळ्याचे वाफे करपले.

तिने तक्रार केली. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात बैठक बसली. सर्व्हेच्या कॅम्पवरचे एक अधिकारी, सरपंच, वाडीतले वीस-पंचवीस लोक, आणि फाइल घेऊन मी. शेवंतीने फार काही मागितलं नाही. झरा परत येत नसेल तर सुरुंगाचे बोअर मारणाऱ्या मशीननेच तिच्या परसात पाण्यासाठी एक बोअर मारून द्या, इतकंच. मशीन तेव्हा शेजारच्याच गावात होतं.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “रेकॉर्डला विहीर आहे का?”

मी म्हटलं, “सातबाऱ्यावर नोंद नाही. आमच्या यादीतही नाही.” दोन्ही वाक्यं खरी. खऱ्या वाक्यांनी माणसाला किती सहज बाजूला सारता येतं!

अधिकारी म्हणाले, तो एखादा जुना, वापरात नसलेला खड्डा असू शकेल.

तेव्हा शेवंती उभी राहिली. चिडलेली नव्हती. उलट तिला हायसं वाटलेलं दिसलं, कारण तिला तिचा साक्षीदार सापडला होता. “खड्डा कसा हो? ह्या म्याडम प्यायल्यात ना तिचा पानी! एक न्हाय, दोन तांबे. म्याडम, सांगा ना तुमी.”

मागून कोणीतरी म्हणालं, “ऑफिसची मानसा बाटलीतला पितात गो, तुजा कशाला पितील!” लोक हसले. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, विश्वासाने, जणू आता दोन मिनिटांत सगळं मार्गी लागणार.

मी म्हटलं, “मी त्या दिवसांत बऱ्याच घरी गेले. कुठे पाणी प्यायले, नीट आठवत नाही.”

हेच ते. इतकंच. हे सांगायला मला एवढे कागद लागले.

तिचा चेहरा कसा झाला, ते विचारू नका. मी फाइलमध्ये बघत होते. कसलातरी कागद शोधत असल्यासारखी. बैठक संपली. अर्जावर “नोंद आढळत नाही” असा शेरा पडला, आणि तो माझ्याच अक्षरात आहे. पुढच्या महिन्यात मशीन दुसऱ्या तालुक्यात गेलं. वर्षभरात काम आटोपलं, कंपनीला हवं ते इथे मिळालं नाही म्हणे, आमचं ऑफिसही बंद झालं. मी आता दुसरीकडे नोकरी करते. तिथेही याद्याच करते.

शेवंती खालच्या वाडीतल्या नळावरून पाणी आणायची, हे माझ्या कानावर आलं होतं. घाटीची चढण चढून, डोक्यावर हंडा. भाजी बंद झाली. मी कधी गेले नाही. काय म्हणून जाणार होते?

या मे महिन्यात ती मला हातखंब्याच्या स्टॉपवर भेटली. दोन बोचकी, एक पिशवी, बरोबर वाडीतली एक बाई पोचवायला आलेली. गुडघे गेले होते तिचे. घर बंद करून नवऱ्याकडे मुंबईला निघाली होती, कायमची. पाण्याशिवाय घर कसं राखायचं, एवढंच म्हणाली, तेही तक्रारीच्या सुरात नाही. ओळख दाखवावी लागू नये म्हणून मी वळणारच होते, तर तिनेच हाक मारली.

“म्याडम, तुमाला एक सांगायचा राह्यला,” ती म्हणाली. “त्या दिवशी पंचायतीत उगाच तुमचा नाव घेतला मी. चार लोकांत तुमाला तोंडघशी पाडलाव. मागनं लय इचार केला. तुमी सांगितलाव ना, नाय आठवत, मंग नायच प्यायला असाल. दुसरी कोन तरी बाई आली आसंल. माजीच काय तरी चूक झाली. राग धरू नका.”

हे बोलायला तिने सहा वर्षं वाट पाहिली होती. तिला वाईट वाटत होतं. माझ्याबद्दल.

ती विहीर मी तिच्या परसातून घालवली होतीच. आता तिच्या आठवणीतूनही मी तिने दिलेलं पाणी काढून घेतलं होतं. तोंड उघडायला मला एवढा वेळ होता — बस अजून वळणावरही दिसत नव्हती. ‘तुम्ही चुकला नाहीत,’ तीन शब्द. जवळ उभं असलेलं कोणी, ती पोचवायला आलेली बाईसुद्धा, मला ओळखत नव्हतं. माझं काही जाणार नव्हतं.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, “असू दे हो. होतं असं कधी कधी.”

तिचा चेहरा मोकळा झाला. मग बस आली, मी आणि त्या बाईने तिची बोचकी वर चढवली, आणि मी तिला माफ केलं असं समजून ती गेली.