माळवदावरचं माझं टोपलं

गाव सोडायच्या दिवशी मी दाराला कुलूप घातलं आन् तीनदा वढून बघितलं. दुष्काळाचं दुसरं साल होतं. गोठा रिकामा, हिरीचा तळ दिसत होता. धारूरहून एष्टी धरायची होती आन् धारूर तीन कोस. आमची मंडळी डोक्यावर बोचकं घेऊन वेशीपर्यंत पोचली, तरी मी दारातच.

थोरल्या भावाची बायको, गंगूवैनी, अंगणातल्या तिच्या पत्र्याच्या खोलीपुढं उभी होती. भाऊ वारल्यापास्नं ती तिथंच राहायची. वाटणीत मोठं घर माझ्याकडं आलतं.

"भाऊजी, किल्ली ठिवून जा," ती म्हणली. "बायांना बसाया जागा न्हाई."

"बसून काय करनार?"

"दुधाची सोसायटी काढतो."

मी हसलो. "म्हशींची हाडं मोजता येत्यात, आन् सोसायटी?"

"पाऊस कवातरी पडलंच की. तवर कागदं तरी व्हतील."

मी किल्ली करदोड्याला बांधली, चांगली दोन गाठी मारून. पूर्वजांचं घर म्हंजे काय चावडी हाय का, असं म्हणलो. वैनी एवढंच बोलली, "रझाकाराच्या वक्ताला आज्जेसासऱ्यांनी सांकळ काढली, तवा साऱ्या गावच्या बाया ह्याच घरात लपल्या. त्यांनी न्हाई इच्यारलं, बसून काय करनार म्हनून."

मी वळून बघितलं न्हाई. मंडळी वाटंनं म्हणली, द्यायला पायजे होती किल्ली. मी तिच्याशी धारूरपर्यंत बोललो न्हाई.

गाव सोडून आलेल्यांनो, तुमाला माळवदाचं घर सांगायला नको, पर तुमची पोरं स्लॅबखाली जन्मली, त्यांच्यासाठी लिहितो. हातभर जाड भिंती, वर सागाची लाकडं, लाकडांवर मातीचं धाबं. त्यालाच माळवद म्हणतात. बाहेरच्या अंगानं दगडी पायऱ्या चढून वर गेलं की घाटापल्याड धारूरचा किल्ला दिसतो. मधोमध उजेड यायला आन् धूर जायला एक भोक, त्याला सानं म्हणतात. मिरगाच्या आधी दरसाल पांढरी चोपण माती वर पसरायची, पाणी मारून चोपायची. आमचे वडील म्हणायचे, "माळवद वर्साला माती मागतं. न्हाई दिली तर घर मागतं."

मी चौथी नापास. पिंपरीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झालो. युनिफॉर्म, शिट्टी, डूटी, ओवरटाईम, सगळे शब्द तिथंच शिकलो. गेटच्या चाव्यांचा झुबका कमरंला आन् आत करदोड्याला घरची किल्ली. साहेब माझ्यावर लई विश्वास ठेवायचा. कुलूप लावलं की तीनदा वढायचो ना.

वर्सभरानं वैनीचं पत्र आलं, शाळंतल्या कोण्या पोरीकडून लिहून घेतलेलं. देवळात बसलो तर भजनवाले उठवतात. शाळंत मास्तर न्हाई म्हणतो. कुणाच्या घरी बसलो तर त्या घरची सासू दारात येऊन उभी राहती. सोसायटीचे कागद झाले, पर पक्की जागा दाखवल्याबिगर मंजुरीचा साहेब सही करीना. किल्ली पाठवा. मंडळीनं पत्र दोनदा वाचून घेतलं. मी म्हणलो, बघू. बघू म्हंजे न्हाई, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग त्या साली पाऊस पडला. पिंपरीला पडला, आन् तिकडं लई जोराचा पडला असं गावाकडनं आलेल्या एका ऊसतोड्यानं सांगितलं. मी गेटवर खुर्चीत बसलो होतो, तसाच उठलो. सानं उघडं राहिलं होतं. दुष्काळात पाऊस कुठला यायचा म्हणून झाकायचं ध्यानात आलं न्हाई. दार तीनदा वढलं आन् डोक्यावरचं भोक तसंच सोडून आलो. त्यात दोन सालं माळवदाला माती न्हाई.

रजा मिळायला महिना गेला. एष्टीत सारा वेळ मला पडक्या भिंती दिसत होत्या.

घर उभं होतं. कुलपाला हात लावला तर बोटं तेलकट झाली. कुणीतरी गंजू नये म्हणून तेल सोडत होतं. उघडलं तर आत धूळ, जाळी, आन् भुई कोरडी ठणठणीत. पायाचा एक ठसा न्हाई. आन् डोक्यावर बायांची बोलणी.

पायऱ्या चढून वर गेलो. माझ्या माळवदावर चौदा-पंधरा बाया गोल करून बसल्या होत्या. खाली नवी माती, चोपून गुळगुळीत. सान्यावर वैनीचा पाटा झाकलेला. पाऊस सुरू झाला तवा मिळेल ते उचलून पळत आली होती ती. तवापास्नं चटणी शेजारणीच्या पाट्यावर वाटत होती.

"या भाऊजी, बसा," वैनी म्हणली. "तुमचंच घर हाय."

"इथं कोणी बसवलं तुमाला?"

जनाबाई नावाची एक फटकळ बाई होती. ती म्हणली, "घर कुलपात हाय खालून. वरून कुठं कुलूप व्हतं?"

मंजुरीचा साहेबबी तिथंच पायऱ्या चढून येऊन गेलता म्हणं. दूध काय माळवदावर घालणार का, असं इचारून परत गेलता. पुढच्या सोमवारी परत येणार होता, शेवटचा.

सान्यातून दोर सोडून आत उतरणं काय अवघड होतं? कुणी उतरलं न्हाई. मी कुलूप लावलं म्हणून त्यांनी माझ्या कुलपाचा मान ठेवला, आन् मी त्यांचा एका पत्रापुरताबी ठेवला न्हाई.

मी सदऱ्याखाली हात घालून करदोड्याची गाठ सोडवायला लागलो. दोन सालांची गाठ, आवळून बसलेली. सुटंना. बाया तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघायला लागल्या.

"इळा आणू का, भाऊजी?" वैनी म्हणली.

शेवटी दातानं तोडला दोरा. किल्ली पाट्यावर ठेवली. सोमवारी साहेबानं ओसरीत बसून सही केली आन् च्या बी घेतला.

त्याला लई सालं झाली. आता सोसायटीचा बोर्ड त्या दारावर हाय. आजूबाजूच्या गावच्या बाया येतात, ओसरीत सकाळी कॅन वाजतात. वैनी गेली. तिची लेक सुमन आता चेअरमन हाय. मी गेलो की मला खुर्ची देतात, पाव्हणे म्हणतात.

किल्ली दिली त्याच्या पुढच्या वर्सापास्नं मी मिरगाच्या आधी माती टाकायला जातो. पयल्यांदा वैनीनं टोपलं माझ्या हातातून घेतलं न् म्हणली, "तुमचं एक टोपलं. बाकीचं माळवद आमचं." तवापास्नं एकच.

इथं मी पोराच्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट हाय, नळाला पाणी हाय, सून जीव लावती. पर ह्या स्लॅबला माझ्याकडून काही लागत न्हाई. कधी काही मागत न्हाई तो. घर म्हणलं की मला ते एक टोपलं आठवतं.

परवा सुमनचा फोन आला. "काका, गुडघे दुखत्यात तर येऊ नका औंदा. तुमचं टोपलं आमी टाकतो."

मी म्हणलं, "माझ्या टोपल्याला हात लावायचा न्हाई. बसत बसत चढीन."