जिराफाचं गाऱ्हाणं

मी प्राण्यांची डॉक्टर. म्हशी-बैलांची नव्हे, शहरातल्या प्राणिसंग्रहालयातली. कोकणातल्या आमच्या वालावलीत हे पटवून देणं म्हणजे डोकेफोड. "इतक्यां शिकलंस आणि वाघाक सुयो मारतंस?" असं आई अजून विचारते.

त्या वर्षी सुट्टीवर आले ती जीव टांगणीला लावूनच. आमची जिराफीण लंगडत होती. वर्षानुवर्षं सिमेंटच्या फरशीवर उभं राहून पुढच्या उजव्या पायाचा सांधा झिजला, सुजला. दुखतो म्हणून ती पाय चुकवून टेकवायची, त्यामुळे खूर झिजेना आणि मोजडीच्या टोकासारखा पुढे वाढलेला. खूर वाढला की सांध्यावर आणखी ताण. आम्ही खाली वाळू पसरली, दुखण्यावर औषध सुरू केलं. खूर मात्र घासून कमी करायलाच हवा होता. भूल द्यावी तर एवढी मान घेऊन कोसळणार, आणि कोसळलेला जिराफ पुन्हा उठेल याची खात्री कोण देणार? म्हणून मी तिला लाकडी ठोकळ्यावर पाय ठेवायला शिकवत होते. गाजर दाखवलं की पाय यायचा, कानस लागली की झटकन मागे. गाजर मात्र खाऊन टाकायची, लबाड!

गावी पोचल्यावर आईने अंघोळ झाल्या झाल्या देवळात नेलं. माझ्या लग्नासाठी देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. गाऱ्हाणं घालणारे काका नारळ घेऊन उभे राहिले. "काय मागूचां?"

आईने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "काका, जिराफाच्या पायाचां मागा."

"कोणाच्या?"

"जिराफाच्या. उंच मानेचां जनावर. खूर घासूक देना नाय."

आईने असा चिमटा काढला की बस! पण काका पक्के. खाकरले आणि सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाकडे जां काय उंच मानेचां जनावर आसा, तेचो पाय दुखता. तेका बरां कर, आणि खूर घासूक दिवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळातले सगळे ओरडले. हसत हसत का होईना, ओरडले. मला एकदम भरून आलं. इतके दिवस त्या पायाची काळजी मी एकटीच करतेय असं वाटायचं.

परत गेल्यावर काही चमत्कार झाला नाही. पाय यायचा, जायचा. मग एका सकाळी तिने पाय ठेवला, कानस लागली, तरी तो तिथेच राहिला. मी घासतेय, गाजर भरवणारा सहकारी श्वास रोखून उभा. वाढलेलं टोक निघालं तशी मी "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडले. त्याला वाटलं, मलाच कानस लागली.

झिजलेला सांधा काही नवा होत नाही. गारठ्यात ती अजून थोडी लंगडते. पण चालते, पाला ओरबाडते. मला तेवढं पुरतं.

गेल्या सुट्टीत पुन्हा देवळात गेलो. लग्न अजून झालेलं नाहीच, तेव्हा मी मनाची तयारी करून उभी. काकांनी आईला विचारलं, "काय मागूचां गो?"

"तां उंच जनावर आता म्हातारां होयत इलां," आई म्हणाली. "खंय पडूक नको, इतक्यांच मागा."

"आणि चेडवाचां?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "चेडू माजां बरां आसा," म्हणाली.

काकांनी नारळ वर धरला, आणि ते काही बोलायच्या आतच मी "व्हय म्हाराजा" म्हणून टाकलं.