अडवून धरलेली सत्ती

मिशिगनमधल्या ट्रॉय गावातली मराठी मंडळी बाळ आठल्ये यांना बाळकाका म्हणतात. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला बाळ म्हणण्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. सांगलीहून इंजिनिअर होऊन ते इथे आले, मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. मधल्या काळात त्यांनी घर घेतलं, केदार नावाचा एकुलता एक मुलगा वाढवला, मंडळाच्या गणपतीचं मखर वर्षानुवर्षं स्वतः उभं केलं आणि कुणाकडेही कधी काही मागितलं नाही. या शेवटच्या गोष्टीचा त्यांना फार अभिमान. तो त्यांनी बोलून दाखवला नाही कधी, पण दिसायचा.

रिटायर झाल्यावर त्यांच्या हातात फोन आला आणि फोनमध्ये पेशन्स. नवी पोरं त्याला सॉलिटेअर म्हणतात. एकट्याने पत्ते लावत बसायचं, एवढाच काय तो खेळ. बाळकाका सकाळच्या चहाबरोबर बसायचे. चहा थंडगार व्हायचा, साय धरायची, यांचं चालूच. जिंकायचे मात्र क्वचित. किती डाव जिंकले याची टक्केवारी तो फोन निर्लज्जपणे दाखवायचा आणि ती बघून बाळकाका म्हणायचे, "हा प्रोग्रॅमच बोगस आहे. मला मुद्दाम वाईट पानं वाटतो."

त्यांच्या पत्नी कांचनकाकू याच खेळात तरबेज. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात घरात गाडी एकच, ती घेऊन नवरा कामावर, बाहेर बर्फ, ओळखीचं कुणी नाही. तेव्हा औषधांच्या दुकानातून आणलेल्या पत्त्यांच्या एका कॅटवर त्या पेशन्स शिकल्या. नवऱ्याच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावायची त्यांना सवय होती आणि डोकावलं की गप्प बसणं जमत नव्हतं.

"आधी पालथी पानं उघडा हो. जिथे ढीग मोठा, तिथून सुरुवात करायची. आणि ती रांग का रिकामी करताय? राजा आहे का हाताशी? तिथे दुसरं पान बसतच नाही."

"बघतोय ना मी."

"एक्का-दुर्री वर गेली की पुरे. बाकीची वर ढकलायची घाई नको, खाली लागतात. आता चुकलंच आहे तर अनडू करा."

बाळकाका अनडू करत नसत. ब्रेकच्या धंद्यात अनडू नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद घालून उपयोग नव्हता.

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. सांगलीला मे महिन्याच्या सुट्ट्यांत बदाम सात खेळून त्यांचा हात बसलेला. त्या खेळात सत्तीच्या खाली-वर पानं लागत जातात आणि हुशार तो, जो आपली छक्की नाहीतर अठ्ठी हातात दाबून ठेवतो नि समोरच्याला मुकाट्याने पास म्हणायला लावतो. बाळकाका त्यात पटाईत होते. तीच हुशारी ते इथे चालवायचे. काळी सत्ती लाल अठ्ठीवर सरळ बसते आहे, तिच्याखाली पालथ्या पानांचा ढीग वाट बघतो आहे आणि हे ती हलवणार नाहीत. "असू दे. पुढे कामाला येईल," म्हणायचे. मग डाव अडायचा.

"अहो, अडवताय कुणाला?" काकू म्हणायच्या. "समोर बसलंय कोण?"

आता केदारचं. तो दूर दक्षिणेत, जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटाला, बायको आसावरी आणि मुलगी अनया. काकूंना तिकडे राहायला जायचं होतं. ट्रॉयच्या घरात झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, कपडे धुवायचं मशीन बेसमेंटमध्ये आणि काकूंचे गुडघे कुरकुरायला लागलेले. शिवाय अनया मोठी होत चाललेली. अजून थोड्या वर्षांनी ती कॉलेजला गेली की कुठली आजी आणि कुठलं काय. हे सगळं काकूंनी नवऱ्याला एकदा नव्हे, अनेकदा सांगून झालं होतं.

"आपण होऊन कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही," बाळकाकांचं उत्तर ठरलेलं. "केदारने बोलवावं."

"बोलावतो की दर सुट्टीत."

"ते पाहुणे म्हणून. कायमचे या, असं म्हणू दे. मग बघू."

केदार म्हणत नव्हता. दर शनिवारी त्याचा फोन यायचा, स्नो किती, तब्येत काय, घर तापवणाऱ्या फर्नेसचं फिल्टर बदललं का. बाळकाका सगळं ठीक असल्याचं सांगायचे. दोघेही भारी सभ्य.

मागच्या दिवाळीत दोघं अल्फारेटाला गेले होते. खालच्या मजल्यावरच्या खोलीत नेहमीसारखी त्यांची व्यवस्था होती. बाथरूममध्ये भिंतीला धरायचे बार होते. बाळकाका काहीही धरण्याआधी हलवून बघतात, तसा त्यांनी शॉवरजवळचा बार हलवला आणि तो हलला. बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "कुठल्या गाढवाने बसवलाय तो? भिंतीतलं आधाराचं लाकूड न शोधताच स्क्रू मारलाय. बिल्डरकडे कंप्लेंट कर, केदार."

"हं, बघतो," केदार म्हणाला. आसावरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग ती चहा बघायला आत गेली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाळकाका स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी फोन घेऊन बसले होते. पुन्हा एक काळी सत्ती अडवून धरलेली, डाव अडलेला. त्यांनी वैतागून मान वर केली तर समोर जिना, आणि जिन्यावरून कांचनकाकू उतरत होत्या. उलट्या. शिडीवरून उतरतात तशा, तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हातांनी कठडा धरून, एक पाऊल मागे चाचपडत, मग दुसरं. खाली आल्यावर त्या वळल्या, केस सारखे केले आणि काहीच न झाल्यासारख्या आत आल्या.

"चहा टाकू का अजून?"

"कधीपासून अशी उतरतेस?"

"कशी?"

"उलटी."

काकूंनी पातेलं गॅसवर ठेवलं. "तुम्ही खेळत असता, मला वाटलं लक्ष नसेल. थंडी सुरू झाल्यापासून. सरळ उतरलं की गुडघा दगा देतो."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला केदारला सांगावं लागलं असतं," काकू म्हणाल्या. "तुमच्याच्याने ते झालं नसतं. उगाच मनाला लावून घेतलं असतंत."

बाळकाकांना वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, स्वतःचा चांगलाच राग आला. फोनमध्ये ती काळी सत्ती तशीच होती आणि लाल अठ्ठीही तशीच. त्यांनी खेळ बंद केला आणि केदारला फोन लावला. मंगळवार होता.

केदार मीटिंगमधून बाहेर आला असावा. "बाबा? काय झालं? आई ओके आहे ना?"

"आहे. केदार, आम्हाला तिकडे यायचंय. राहायला, कायमचं. आईला जिना झेपत नाही." पुढचे शब्द त्यांनी आयुष्यात कुणाला फारसे म्हटले नव्हते. "जमेल का तुम्हाला?"

"बाबा, ती खालची बेडरूम बघूनच आम्ही घर घेतलं," केदार म्हणाला. "आसावरीला दुसरं घर आवडलं होतं. त्यात सगळ्या बेडरूम्स वर होत्या, म्हणून कॅन्सल केलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असता, आम्ही काय इतके थकलोय का? मला वाटलं, तुम्हाला हवं तेव्हा तुम्हीच म्हणाल. आसावरी म्हणते, यू टू आर इम्पॉसिबल. आणि बाबा, बाथरूममधले ते बार बिल्डरने नाही लावलेले. मी लावलेत. व्हिडिओ बघून."

बाळकाकांना आपलं ते गाढव आठवलं. पण जे सुचलं, ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं.

"तो स्क्रू अजून ढिला आहे?"

"आहे."

"हात लावू नकोस. मी आलो की बसवतो. माझं ड्रिल घेऊन येतो."

"बाबा, माझ्याकडे ड्रिल आहे."

"बघितलं मी, कसं आहे ते," बाळकाका म्हणाले.

कांचनकाकूंनी गॅस बंद केला. चहाचे दोन कप टेबलावर ठेवले, खुर्ची ओढली आणि बसताना, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, मोठ्याने "आई गं" म्हणाल्या.