अण्णांची एकादशी

मार्गशीर्षातल्या सकाळी गोदाकाठी जे धुके उतरते त्याला ओल्या दगडाचा, नुकत्याच विझलेल्या वातीचा आणि तुळशीच्या मंजिऱ्यांचा असा मिश्र गंध असतो. रुग्णालयाच्या त्या स्वच्छ, निर्विकार खोलीत, जंतुनाशकाच्या उग्र वासाआडून, उशाशी घडी करून ठेवलेल्या अण्णांच्या उपरण्याला तो गंध अजून येत होता. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. उभे आयुष्य त्यांनी गंगेवर पौरोहित्य केले. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. शुक्ल एकादशीचे पहाटेचे स्नान आटोपून घाटाच्या पायऱ्या चढताना त्यांचा पाय निसटला, खुब्याचे हाड मोडले, आणि शस्त्रक्रियेनंतर ते शुद्धीवर आले ते एखाद्या दूरच्या यात्रेहून परतल्यासारखे, थकलेले, थोडे अनोळखी.

त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर रंजना दिंडोरीकडच्या. पाळी बदलताना त्या दुसऱ्या परिचारिकेला अण्णांची अवस्था सांगत, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मी ती ऐकत असे. “ब्रीदिंग शॅलो आहे. झोप तुटक. पेन विचारलं तर सांगत नाहीत. माणसं ओळखतात, जागा ओळखतात, टाइमचं बघावं लागेल.” संथ आवाजात, एकाच क्रमाने, रोज उच्चारलेल्या या शब्दांत मला हळूहळू एखाद्या नित्यपाठाची लय जाणवू लागली. उथळ श्वास, तुटक झोप: माणसाच्या देहाकडे इतक्या निरहंकारी दृष्टीने पाहून, जेवढे दिसले तेवढेच म्हणणारी ही भाषा. जन्मभर शब्दांच्या सहवासात राहिलेल्या मला तिच्यातला संयम फार आवडला.

वेदनेचा प्रश्न मात्र दररोज अडे. सिस्टरांजवळ चेहऱ्यांचे एक चित्र होते. हसऱ्या मुखापासून अश्रू ढाळणाऱ्या मुखापर्यंत ओळीने काढलेले.

“बाबा, यातला तुमचा कोणता? नाय म्हणू नका, रात्रभर कण्हत होता तुम्ही.”

अण्णांनी चित्र डोळ्यांजवळ नेले आणि शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा कोण रडतोय? आधी त्याला औषध द्या.”

सिस्टर हसू दाबत म्हणाल्या, “लय अवघड पेशंट आहे तुमचा, काका.” तरी वेदनाशामकाचे इंजेक्शन त्यांनी दिलेच.

मग भानाचे प्रश्न आले. तुम्ही कोण, कुठे आहात, आज काय आहे? व्यक्ती, स्थळ आणि काळ. ते ऐकताना मी चमकलो, कारण प्रत्येक कर्माच्या आरंभी हातात पाणी घेऊन आम्ही हेच तर सांगत आलो आहोत. अमुक नदीच्या अमुक तीरावर, अमुक ऋतूत, अमुक मासी, अमुक तिथीला, अमुक गोत्रात जन्मलेला मी. संकल्प म्हणजे तरी दुसरे काय? विश्वाच्या अफाट पसाऱ्यात आपण नेमके कुठे उभे आहोत, हे एकदा स्वतःला ऐकवणे. अण्णांनीही तसेच उत्तर दिले. गोदावरीचा उत्तर तीर, हेमंत ऋतू, मार्गशीर्ष मास, शुक्ल पक्ष, “एकादश्यां तिथौ.” स्वर खणखणीत होता. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. “बरोबर सांगतायत ना?”

त्या दिवशी वद्य पंचमी होती.

संकल्पातले बाकी सारे शब्द जिभेच्या सवयीने वाहत येतात. तिथी तेवढी रोज नवी घालावी लागते. अण्णांचा काळ घाटाच्या त्या पायरीवर थांबला होता, आणि म्हणूनच ताट पुढे आले की ते मान फिरवत होते. इतके दिवस आम्ही त्याला अरुची समजलो. एकादशीला ते गंगेचे पाणी आणि सायंकाळी घोटभर दूध यांखेरीज काही घेत नसत. आणि आता त्यांची प्रत्येक सकाळ एकादशीचीच उजाडत होती.

दुपारी डॉक्टर सांगून गेले की संध्याकाळपर्यंत पोटात अन्न गेले नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. अण्णा ती ओढून काढतील, म्हणून हात पलंगाला बांधावे लागतील. मी त्या हातांकडे पाहिले. सलाइनच्या सुईभोवती निळसर झालेले, तरी ओंजळीचा आकार न विसरलेले ते हात. किती जणांच्या पितरांना त्यांनी तिलोदक दिले असेल!

“काका, तुम्ही त्यांना सांगा ना, आज एकादशी नाही म्हणून,” सिस्टर म्हणाल्या.

“सांगितलं. ते म्हणतात, मला शिकवू नकोस.”

“मग उपास सोडायचा दिवस आलाय म्हणा. तो असतो ना दुसऱ्या दिवशी?”

त्या अगदी सहज बोलल्या. द्वादशीला पारणे असते, हे खरेच. परंतु अण्णा नुसत्या माझ्या बोलण्यावर पारणे करणारे नव्हेत. त्यांना विधी हवा, संकल्प हवा. आणि तिथी चुकवून केलेला संकल्प म्हणजे देवासमोर उच्चारलेले असत्य, असे मी पाठशाळेत वर्षानुवर्षे शिकवले आहे. खिडकीबाहेर चामर लेण्यांच्या डोंगरावरचे ऊन पिवळे होत चालले होते. मी बराच वेळ उपरण्याची घडी उलगडत आणि पुन्हा घालत बसलो. नंतर उठून हात धुतले, उपरणे त्यांच्या खांद्यावर ठेवले, त्यांच्या तळव्यावर पळीभर पाणी घातले. सिस्टरांनी खाली स्टीलचा ट्रे धरला.

“म्हणा, अण्णा,” मी म्हणालो. पुरोहिताने सांगायचे आणि यजमानाने मागून म्हणायचे, ही रीत. आयुष्यात प्रथमच अण्णा माझ्यापुढे यजमानाच्या जागी होते. तीर, ऋतू, मास, पक्ष, सारे ते माझ्यामागून म्हणत आले. “द्वादश्यां तिथौ,” मी म्हणालो, आणि ते थांबले.

“वामन, पंचांग पाहिलंस?”

“पाहिलं.”

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे इतक्या विश्वासाने पाहिले की मला दृष्टी खाली वळवावी लागली.

“द्वादश्यां तिथौ,” ते म्हणाले आणि पाणी सोडले. मग लहान मुलासारखे ओठांवरून जीभ फिरवत, “भूक केव्हाची लागलीय रे,” असे पुटपुटले.

मऊ मुगाची खिचडी, वर तुपाची धार. सिस्टरांनी पलंगाची पाठ उचलली आणि मी भरवू लागलो. प्रत्येक घासाला त्यांचा श्वास थोडा थांबे, मग पुन्हा वाहू लागे. “सावकाश, बाबा, कोणी पळवत नाही तुमची खिचडी,” सिस्टर म्हणत होत्या. नळीची सामग्री मांडलेली ट्रॉली त्यांनी हळूच बाहेर लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा सिस्टर त्यांना विचारत होत्या, “आज काय, बाबा?”

“त्रयोदशी,” अण्णा म्हणाले, आणि दूधपोह्यांच्या वाटीकडे हात केला.

सिस्टरांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. घरच्या पंचांगात षष्ठी होती. पण थांबलेले चाक फिरू लागले होते, एका दिवसानंतर दुसरा दिवस येत होता. “त्यांचे दिवस चालू लागलेत,” एवढेच मी म्हणालो.

त्यांना आपल्या तिथीपर्यंत आणावे का, कसे आणावे, हे मला अजून उमगलेले नाही. रात्री अंगणात उभा राहिलो की आमच्या आकाशात उशिरा उगवणारा, कडेकडेने झिजत चाललेला चंद्र दिसतो. अण्णांच्या आकाशात मात्र तो भरत चालला आहे. परवा त्यांची पौर्णिमा.