मंडळ नाई म्हणून मीच लिहून दिलं

मंडळ बुडवाले वैरी लागते, असं वाटते का तुम्हाले? काई नाई लागत. मी एकटी पुरली! ऐकाच, चहा थंडा झाला तरी चालते.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नवानवा होता. आमच्या महिला मंडळाच्या बालवाडीचं गवताचं छप्पर असं गळे, का पावसाळ्यात पोरं कोपऱ्यात चिपकून बसत. टिनं पाहिजे होती. मुंबईच्या एका सेठच्या घरचा ट्रस्ट मदत देते म्हणे. मी चौथी शिकलेली, मंडळाची अध्यक्ष. केला अर्ज.

अर्ज कसला, छळ! आधी म्हणे, इंग्रजीत पाठवा. मास्तरच्या हातापाया पडून पाठवला. मग म्हणे, सेठचे मोठे भाऊ विलायतेले गेले, थांबा. मग म्हणे, धाकट्या सूनबाईले औंदा डोळ्यांची शिबिरंच आवडून राह्यली. मग म्हणे, पाच वर्षांची योजना लिहा. अरे, छपराची कायची योजना? पाच वर्षं गळणार नाई, हेच! तेच लिहिलं.

त्यावर पत्र आलं, ‘आमचा माणूस येऊन पाहील.’ कवा? ते नाई लिहिलं. आम्ही का रोज हार घेऊन बसावं?

अन् एका दुपारी मंडळातली पारबता बोंबलत आली, “बाई, जीप आली! आत खाकीवाला हाये!”

आमच्या इथी जीप म्हणजे जंगलखातं. दुसरं कोण येते? अन् बालवाडीच्या भिंती कायच्या? जंगलातून बिनापरवान्यानं आणलेल्या बांबूच्या तट्ट्यांच्या!

“पोरं घरी हाकला! तट्टे उपसा!” मी ओरडली.

बायांनी भिंती उपसल्या अन् तलावात बुडवल्या. उरले चार खांब. एकाले मी म्हैस बांधली.

साहेब उतरला. “इथे महिला मंडळाची बालवाडी आहे ना?”

“कोणती बालवाडी? गोठा हाये हा.”

“आणि मंडळ?”

“मंडळ-बिंडळ काई नाई, साहेब. बाया मच्छ्या मारतेत, घरी जातेत.”

“नक्की?”

“लेकराची आण!”

“मग तसं लिहून द्याल?”

“आणा कागद!” म्हटलं, लिहून दिलं का पीडा टळते. लिहिलं, या गावात मंडळ नाई, बालवाडी नाई. खाली झोकात सही ठोकली.

साहेबानं सही वाचली. परत वाचली. “बाई, ज्या मंडळाच्या तुम्ही अध्यक्ष आहात, ते मंडळच नाही?”

ट्रस्टच्या अर्जांवर सह्या करकरून हाताले वळण पडलं होतं! नावाखाली ‘अध्यक्ष, महिला मंडळ’ आपोआप उतरलं.

“तुम्ही... जंगलखात्याचे नाई?”

“मी ट्रस्टचा.”

पारबता पदर तोंडात कोंबून हसून राह्यली होती. मी मात्र भडकली. “तारीख काऊन नाई कळवली? अन् खाकी घालून काऊन आले? पारबता, दात काय दाखवते! भिंती काढ तलावातून!”

पाणी गळणारे तट्टे उभे करून दाखवले. साहेबानं म्हशीकडे पाह्यलं, कागद घडी करून खिशात घातला अन् गेला.

महिन्यानं पत्र. ‘मंडळ आहे, असं अध्यक्ष म्हणतात. नाही, असंही अध्यक्षच लिहून देतात. तरी जवळच्या सरकारी अधिकाऱ्याने बालवाडी स्वतः पाहून दिलेला दाखला जोडावा.’

जवळचा सरकारी अधिकारी? आमच्या त्या जंगलात एकच, जंगलखात्याचा रेंजर!

गेली मग. त्याच्या हापिसात, स्वतःच्या पायानं. हात जोडून म्हटलं, “साहेब, आमच्या भिंती पाहाले चला.”